ताईचे आठ किलोमीटर

आधीच सांगून ठेवतो, या सगळ्या प्रकरणात दिव्याचं काम मी चोख केलं होतं. दिव्याबद्दल कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही. बाकीच्याबद्दल बोलू आपण, शिव्याही घाला हव्या तर, पण दिवा सोडून.

गाडी माझ्या थोरल्या बहिणीची. माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. वजन ब्याण्णव किलो, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, तरी ताईसाठी मी अजून बारक्याच. समोर गिऱ्हाईक उभं असो नाहीतर पोलीस, "बारक्या, शर्टाचं बटण लाव" म्हणायला ती कधी कचरत नाही. आणि मीही लावतो. सवय आहे.

ताईने चौतीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं. निवृत्त झाल्यावर माणसं काय करतात? कुंड्या आणतात, गुडघे दुखतात म्हणून सांगत फिरतात. हिने मोटारसायकल शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. वय वर्षं एकोणसाठ. वर्गात बाकीची सगळी विशीतली पोरंपोरी, आणि मध्ये ही, चष्म्याला दोरी लावून. पहिल्याच फटक्यात पास झाली. शाळा पुढे बंद पडली तेव्हा ज्या गाडीवर शिकली तीच विकत घेऊन आली. छोटीशी, निळी, टाकीवर लाल अक्षरात 'शिकाऊ' लिहिलेलं. मी म्हटलं, खरवडून देतो ते. म्हणाली, "राहू दे, खोटं थोडंच आहे?"

ती गाडी म्हणजे काय सांगू! नवशिके उडून जाऊ नयेत म्हणून शाळेवाल्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला आतून एक स्क्रू बसवून ठेवला होता. मूठ पार मनगट मोडेपर्यंत पिळा, गाडी पस्तिसाच्या वर जायची नाही. सायकलवाले तिला मागे टाकायचे आणि जाता जाता तब्येतीची चौकशी करायचे. आणि दिवा? त्या दिव्यात रस्ता दिसायचा नाही, रस्त्याला फक्त आपण दिसायचो. इंजिन मंद झालं की दिवाही डोळे मिटायचा. पण ताई बाजारात जायची, मैत्रिणींकडे जायची, दिवस मावळायच्या आत घरी यायची. मला ते झकास वाटत होतं. गाडी जितकी मरतुकडी, तितकी माझी बहीण सुखरूप.

मग एका सोमवारी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. हेल्मेट काखेत.

"बारक्या, हिला पळायला शिकव. आणि हिच्या डोळ्यांचं बघ."

"कुठे शर्यतीला निघालीस?"

"कामाला."

झालं होतं असं. आम्ही राहतो ती वस्ती डोंगरावर. इथल्या दवाखान्यात पहाटे रक्ताचे नमुने गोळा होतात, ते खाली शहरातल्या प्रयोगशाळेत साडेसहाच्या आत पोचवावे लागतात, कारण साडेसहाला तिथलं मोठं यंत्र सुरू होतं आणि मग दुपारपर्यंत कोणासाठी थांबत नाही. अंतर बत्तीस किलोमीटर. दवाखान्यातून डबा हातात मिळतो पावणेसहाला. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. नेणारा माणूस काम सोडून गेला होता आणि प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम, ज्यांना एके काळी ताईनेच सुई धरायला शिकवलं, त्यांनी सहज विचारलं, कोणी माहितीतलं आहे का? ताई म्हणाली, आहे की. मी.

पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी तिची चाचणी ठरली. रिकामा डबा घेऊन वेळेत पोचून दाखवायचं.

"अगं, अंधार असतो," मी म्हटलं.

"म्हणून तर दिवा म्हणतेय."

"वळणं आहेत. चढ आहेत."

"म्हणून तर वेग म्हणतेय."

"तुझं वय..."

"ते वाढू दे, त्याला तुझ्या गॅरेजात काही इलाज आहे का?"

आता माझं तोंड. माझ्या तोंडाला ब्रेक नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. मी म्हणून गेलो, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही बघ." ती हसली, माझ्या टकलावर टिचकी मारली आणि गाडी ठेवून चालत घरी गेली.

दिव्यापासून सुरुवात केली. जुना पिवळा बल्ब काढला, नवा एलईडी दिवा बसवला. बॅटरीपासून दिव्यापर्यंत स्वतंत्र जाड तार टाकली, मध्ये आपोआप चालणारा स्विच, रिले, घातला, म्हणजे इंजिन मंद झालं तरी उजेड कमी होऊ नये. मग दिवेलागणीला गाडी भिंतीसमोर उभी केली. ताईला बोलावून सीटवर बसवलं, कारण माणसाचं वजन पडलं की दिव्याचं तोंड वर उचललं जातं, आणि मी भिंतीवर खडूने रेघ मारली. उजेडाची वरची कड रेघेच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर समोरून येणारा आंधळा होतो.

"खाली... अजून खाली... आता डावीकडे," मी भिंतीपाशी ओणवा होऊन सांगत होतो.

"बारक्या, तू मध्ये उभा आहेस. मला भिंत दिसतच नाहीये, नुसता तूच दिसतोयस."

पाऊण तास लागला. पण काय पडला उजेड! समोरच्या गल्लीतली एक बाई खिडकी उघडून विचारायला लागली की सकाळ झाली का. मी सांगतो, असा दिवा मी आमदाराच्या गाडीलाही लावला नसता.

मग वेगाचं काम. आणि इथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो स्क्रू काढला. कार्बोरेटर धुतला, पेट्रोल सोडणारा आतला जेट एका नंबरने मोठा घातला, चेन बदलली. एक फेरी मारून आलो तर शिकाऊ गाडी चढावर साठाने पळत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे काय आलं? पहाटेचा काळोख, ओला रस्ता, ते पुलापाशचं वळण, आणि साठ वर्षांची माझी बहीण. मी लहान असताना तापाने फणफणलो तर माझ्या उशाशी बसून राहणारी ताई. तिला काही झालं तर मी कुणाकडे बघून बटण लावायचं?

सरळ सांगायचं होतं ना तिला? "ताई, मला भीती वाटते." चार शब्द. पण आमच्या घरात माणसं असं बोलत नाहीत. आमच्याकडे चिडवतात, नाहीतर गप्प बसतात. शिवाय तिला तोंडावर सांगण्यापेक्षा गियर बदलणं सोपं होतं.

कुठला गियर ते सांगतो. पुढच्या चाकाच्या मधोमध, आसापाशी, एक प्लॅस्टिकचा पांढरा गियर असतो, रुपयाएवढा. चाक फिरलं की तो फिरतो, त्याच्यातून एक केबल वर मीटरला जाते आणि काटा हलतो. मी तिथे मोठ्या चाकाच्या दुसऱ्या एका गाडीचा गियर घातला. त्याने होतं काय, गाडी अठ्ठेचाळीसने पळत असली की काटा साठ दाखवतो. त्या रस्त्यावर साठाच्या वर जायला बंदी आहे आणि ताई म्हणजे रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारी बाई. काटा साठावर आला की ती मूठ सैल करणार म्हणजे करणारच. तिला वाटेल साठ, गाडी जाईल अठ्ठेचाळीस, मी झोपेन सुखाने. चाचणीत नापास झाली तर होईल, आपसूक सुटेल ते काम.

बायकोने दारातून सगळं पाहिलं.

"हे काय चाललंय?"

मी सांगितलं. वर जरा ऐटीतच सांगितलं.

"वन्संना स्पष्ट सांगा, नाहीतर त्यांना नीट गाडी द्या. हे मधलं काय आहे?"

"हे डोकं आहे," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." आणि आत गेली.

ताईने गाडी नेली. दोन आठवड्यांत चार वेळा पहाटे सराव केला. पहिल्या दिवशी परत आली ती खुशीत. दिवा असा, दिवा तसा. वळणावर एक बेकरी आहे, तिथला बेकरीवाला म्हणे भट्टी सोडून बाहेर आला बघायला.

"आणि वेळ?" मी विचारलं.

"बावन्न मिनिटं." जरा हिरमुसली होती. "पण साठावरच ठेवला होता रे काटा. चढावरसुद्धा."

"वळणांवर हळू करत असशील."

"असेन," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी बावन्न. तिसऱ्या वेळी त्रेपन्न. तिसऱ्या वेळेनंतर ती दिव्याबद्दल बोलली नाही. चौथ्यानंतर गॅरेजकडे फिरकलीच नाही. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं कळलं की काय हिला. पण कळलं असतं तर टकलावर हेल्मेट आदळलं असतं. तेव्हा मी निवांत राहिलो. निवांत म्हणजे, जेवण जात नव्हतं एवढंच.

चाचणीच्या दोन दिवस आधी, बुधवारी दुपारी, ती आली. गाडी ढकलत आली. मी स्टूल पुढे केलं. माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ती काही बोलली नाही. तिथेच मला चुकल्यासारखं झालं.

"बारक्या, ही गाडी विकून टाक," ती म्हणाली. "मी मॅडमना उद्या संध्याकाळी फोन करून नाही सांगणार आहे."

ऐका, मला जे हवं होतं तेच हे. अगदी तेच. मी "का?" म्हटलं ते नुसतं विचारायचं म्हणून.

तिने खाली बघत सांगितलं. "माझं डोकं चालत नाहीये रे."

"म्हणजे?"

"दवाखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंत बत्तीस किलोमीटर. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत, ते मी मोजलेत. पण गाडीच्या मीटरवर चाळीस पडतात. चारही वेळा. चाळीस."

आता माझा गाढवपणा ऐका. काटा ज्या केबलवर चालतो, त्याच केबलवर किलोमीटरचे आकडेही फिरतात. तीस वर्षं हे काम करतोय मी. शाळेतल्या पोरालासुद्धा सांगेन. आणि काटा खोटा करताना आकडेही खोटे होतील हे माझ्या या भल्यामोठ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी हिशेब करून बघितला," ताई बोलत होती. "वेग साठाच्या आसपास, वेळ बावन्न मिनिटं, वळणं धरली तर चाळीस किलोमीटर बरोबर बसतात. म्हणजे मी खरंच चाळीस किलोमीटर जाते. मग वरचे आठ कुठे जाते? मी कुठेतरी आडवाटेला वळते, फिरून परत येते, आणि मला आठवत नाही."

"काहीतरीच काय!"

"मी बेकरीवाल्याला विचारलं, मी इथून सकाळी एकदाच जाते का दोनदा? तो म्हणाला एकदाच. पण तो आत भट्टीपाशी असतो, त्याला काय दिसणार."

मी कसंबसं म्हटलं, "अगं, मीटर चुकत असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. कीव केल्यासारखं पाहिलं, म्हणजे माझी कीव, बिचारा आपली समजूत काढतोय म्हणून.

"बारक्या, चौतीस वर्षं मी आकडे वाचलेत. आमच्याकडे नियम होता. आकडा विचित्र आला की आधी बघायचं, यंत्र कोणी तपासलंय. माणूस खात्रीचा असेल तर यंत्राला दोष द्यायचा नाही, नमुन्यात खोट शोधायची. मीटर तू तपासलंयस. गाडी तुझ्या हातची. मग खोट नमुन्यात." तिने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "उद्या पाचला डॉक्टरांकडे जातेय. ते आठवणीचे प्रश्न विचारतात म्हणे. तूच म्हणाला होतास ना, साठी बुद्धी नाठी."

ती उठली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेली. हो, तिनेच मला थोपटलं. आणि मी मूग गिळून उभा. त्याच क्षणी पायावर लोळण घ्यायला हवी होती. माझ्या तोंडाला ब्रेक नाही म्हणतात ना लोक? लागला, नको तेव्हा करकचून लागला.

रात्रीच्या जेवणाला बायकोने ताट वाढलं, समोर बसली आणि एकदाच बोलली.

"त्या पडल्या असत्या तर हाड मोडलं असतं. हाड जुळतं. तुम्ही त्यांचं काय मोडलंत ते बघा."

गुरुवारी सकाळी मी ठरवलं, आत्ता जातो. मग एक गिऱ्हाईक आलं. मग ठरवलं, जेवून जातो. मग पंक्चर आलं. पंक्चरला मी कधी नव्हे ते दोन तास लावले. साडेचारला बायको गॅरेजात आली, चालू कॉम्प्रेसर बंद केला, ताईच्या गाडीचं पुढचं चाक दाखवलं आणि पाना माझ्या हातात दिला.

चाक उतरवलं. तो पांढरा गियर काढला, मुठीत धरला आणि दवाखान्याकडे पळालो. ब्याण्णव किलो पळताना लोकांनी पाहिलं. रस्ता देत होते आपणहून.

बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं बसलेली. ताई आत गेली होती. कंपाउंडर म्हणाला, "नंबर?" मी म्हटलं, "भाऊ." आणि दार ढकललं.

आत डॉक्टर टेबलापलीकडे, अलीकडे ताई. चष्मा हातात, डोळे पुसत होती. डॉक्टर म्हणत होते, "बाई, शंभरातून सात-सात वजा करत तुम्ही माझ्यापेक्षा जलद गेलात. वार, तारीख, पाच वस्तू, सगळं बरोबर. मग रडता कशाला?"

"सगळं बरोबर आहे म्हणूनच," ताई म्हणाली. "म्हणजे तुम्हालाही सापडत नाहीये. मग माझे आठ किलोमीटर गेले कुठे?"

मी पुढे झालो आणि ग्रीसने बरबटलेला गियर डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच, ठेवला.

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"आठ किलोमीटर," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, दारात बाहेरची माणसं डोकावतायत, कंपाउंडर माझी बाही ओढतोय, तशात सांगितलं. मोठ्या चाकाचा गियर, अठ्ठेचाळीसचे साठ, बत्तिसाचे चाळीस. शेवटी ते चार शब्दही बाहेर पडले. "ताई, मला भीती वाटते."

ताईने गियर उचलला, दाते मोजल्यासारखे केले. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुझं ठीक आहे," मी म्हटलं. "माझं तपासून घे."

बाकावरची माणसं हसली, डॉक्टरही हसले. ताई नाही हसली. तिने गियर रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला, डॉक्टरांना नमस्कार केला आणि माझ्या अंगावरून निघून गेली. दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाली, "पहाटे पाचला गाडी दवाखान्याच्या दारात पाहिजे. खरी. आणि तू तिथे दिसायचं नाहीस."

मी तिचा मूळ गियर बसवला. तीन वेळा तपासला. दगडापासून दगडापर्यंत दहा किलोमीटर गाडी चालवून पाहिली, मीटरवर दहाच पडले. पहाटे पाचला गाडी लावली आणि चोरासारखा परत आलो.

पावणेसहापासून मी गॅरेजात घड्याळासमोर. बायको चहा घेऊन आली. पाचव्या मिनिटाला म्हणाली, "घड्याळात बघून ते जलद चालत नाही." विसाव्या मिनिटाला म्हणाली, "त्या काट्याचाही गियर बदलून बघा." मी मनातल्या मनात वळणं मोजत होतो. आता पूल आला असेल. आता बेकरी. आता उतार संपला. जन्मात कधी इतका लांबचा प्रवास मी स्टुलावर बसून केला नव्हता.

साडेसहाला फोन वाजला. बायकोचा. माझा नाही.

"हो वन्सं... हो... हो का!" तिने फोन ठेवला. "बेचाळीस मिनिटं. एकदाही साठाच्या वर काटा गेला नाही. मॅडमनी सोमवारपासून यायला सांगितलंय." मग जरा थांबून, "आणि म्हणाल्या, त्याला सांग."

"त्याला म्हणजे?"

"आता ते मी सांगायचं?"

दहा वाजता ताईचा निरोप आला, तोही बायकोच्याच फोनवर. नाश्त्याला या दोघं. मी नवा शर्ट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, गुदमरत निघालो.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. सगळ्या घरात चिठ्ठ्या. दाराच्या आतल्या बाजूला 'कुलूप लावलं का?' गॅसवर 'बंद?' औषधांच्या डब्यावर 'सकाळची घेतली असेल तर पुन्हा नको.' कपाटावर 'चाव्या दुसऱ्या खणात.' प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लिहितात तशी छोटी, सुबक, सरळ अक्षरं. बायकोने माझा दंड धरला. तिलाही हे माहीत नव्हतं. चौथ्या सरावापासून आठवडाभर माझी बहीण या चिठ्ठ्यांत राहत होती, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे बसून सुटलो म्हणत होतो.

ताई स्टुलावर चढून एकेक चिठ्ठी काढत होती. आमच्याकडे बघितलं नाही. "बसा," म्हणाली. "एवढं आवरते."

मी बसलो नाही. निमूटपणे मीही काढायला लागलो. दारावरची काढली, गॅसवरची काढली. मग टेलिफोनपाशी आलो. तिथे भिंतीवर एक मोठी चिठ्ठी होती. वर माझा नंबर. खाली लिहिलं होतं:

'हा बारक्या. जाडा, टकला. माझा धाकटा भाऊ. ओळखला नाही तरी घरात घ्यायचा. हा सांगेल ते खरं धरायचं.'

मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग मला काही दिसेना. पन्नाशी उलटलेला माणूस, कोपऱ्यात तोंड करून, बहिणीच्या भिंतीला कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागला. लाज कसली, मला तेव्हा लाज वाटायलाही जागा उरली नव्हती.

ताई स्टुलावरून उतरली. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही चिठ्ठी फाडणार, आणि फाडावीच. तिने माझ्या खिशातलं पेन काढलं, चिठ्ठीवर वाकली आणि त्याच सुबक अक्षरांत शेवटच्या ओळीपुढे दोन शब्द जोडले.

'मीटर सोडून.'

"नाक पूस," ती म्हणाली, "आणि चल, खायला गार होतंय."